माळावरचे घर आणि घराखालची जमीन

१९५२ साली न्यूयॉर्कच्या हार्पर या प्रकाशनसंस्थेकडे एका वाचकाचे पत्र आले. तक्रार एकाच वाक्याबद्दल होती. सतरा वर्षांपूर्वी, म्हणजे १९३५ साली, या संस्थेने 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' ही मुलांसाठीची कादंबरी काढली होती. तिच्या आरंभीच पश्चिमेकडच्या मोकळ्या मुलखाचे वर्णन येते. तिथे माणसे नाहीत, नुसते इंडियन राहतात, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. पत्रलेखकाने विचारले होते की इंडियन ही माणसे नव्हेत काय? हार्परच्या बालविभागाच्या संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम चपापल्या. इतकी वर्षे हे वाक्य आपल्या कचेरीत कोणाच्याही डोळ्यांना टोचले नाही, याचेच त्यांना जास्त आश्चर्य वाटले. त्यांनी लेखिकेला कळवले. लेखिका तेव्हा ८५ वर्षांच्या होत्या आणि मिसुरी राज्यातल्या मॅन्सफिल्ड गावाबाहेर आपल्या शेतघरात एकट्या राहत होत्या. त्यांनी आढेवेढे न घेता उत्तर पाठवले. ही आपली ढळढळीत चूक आहे, इंडियन अर्थातच माणसे आहेत, शब्द बदलून टाका, असा त्या उत्तराचा आशय होता. १९५३ च्या नव्या आवृत्तीत 'माणसे' जाऊन तिथे 'वसाहतकरी' आले.

लेखिकेचे नाव लॉरा इंगल्स वाइल्डर. इंग्रजी वाचणाऱ्या जगात मुलांच्या दोन-तीन पिढ्या ज्यांच्या पुस्तकांवर वाढल्या, अशा मोजक्या लेखकांपैकी या एक. मी त्यांना मनातल्या मनात लॉराबाई म्हणतो. कादंबऱ्यांतली ती दोन वेण्यांची, तपकिरी केसांची, बहिणीच्या सोनेरी केसांचा हेवा करणारी पोरगी मात्र लॉराच. गेली काही वर्षे आम्ही दर शनिवारी आमच्या वसाहतीतल्या मुलांना गोळा करून पुस्तके वाचतो. तिथे ही मालिका दोनदा वाचून झाली. मुलांचे पालक, आजी-आजोबा हेही मागे येऊन बसतात आणि पुस्तक घरी नेतात. त्यामुळे लॉराबाईंबद्दलची मते मी भरपूर ऐकली आहेत, आणि ती एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. या लेखात सांगायचे आहे ते लॉराबाईंचे आयुष्य. पण वाचकांना बाजूला ठेवून ते सांगता येत नाही, कारण त्यांच्या आयुष्याचा अर्थच वाचक दर वीस-पंचवीस वर्षांनी बदलत आले आहेत.

लॉरा इंगल्स जन्मली ७ फेब्रुवारी १८६७ रोजी, विस्कॉन्सिन राज्यात पेपिन गावाजवळच्या दाट जंगलातल्या एका ओंडक्यांच्या घरात. वडील चार्ल्स इंगल्स शिकारी, सुतार, शेतकरी आणि फिडलवादक. यांतल्या शेवटच्या गोष्टीत त्यांना सर्वांत जास्त यश आले असावे. पायाला भिंगरी लावलेला हा माणूस. आई कॅरोलिन लग्नाआधी शाळामास्तरीण होती. कुठेतरी एका जागी राहावे आणि मुलींनी शाळेत जावे, एवढीच तिची इच्छा. मोठी मेरी, दुसरी लॉरा, पुढे कॅरी आणि ग्रेस. लॉरा दोन वर्षांची असताना, १८६९ साली, चार्ल्सने चंबूगबाळे छत घातलेल्या गाडीत भरले आणि दक्षिणेला कॅन्ससची वाट धरली. 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी'ची गोष्ट ती हीच.

आमच्या शनिवारच्या मुलांना या पुस्तकातले सर्वांत काय आवडले, तर घर बांधणे. बाप जंगलातून ओंडके आणतो, त्यांना खाचा पाडून एकावर एक रचतो, खिळे नाहीत म्हणून लाकडी खुंट्या ठोकून दार बसवतो, चामड्याच्या बिजागऱ्या करतो. सदनिकेत राहणाऱ्या मुलांना घर ही बांधता येण्यासारखी वस्तू आहे, हेच नवलाचे. एका मुलाने तर चुलीचे धुराडे कसे रचले त्याचे चित्र काढून आणले होते. त्यानंतर आवडला तो जॅक नावाचा कुत्रा. नदीच्या लोंढ्यात वाहून गेलेला जॅक परत येतो, त्या प्रकरणाला हटकून कोणीतरी रडते. (खरा जॅक कॅन्सस सोडताना वडिलांनी घोड्यांच्या अदलाबदलीत देऊन टाकला होता. कादंबरीत मात्र तो कुटुंबाबरोबर पुढे जातो आणि म्हातारा होऊन शांतपणे मरतो. हे मी मुलांना सांगत नाही. मोठी झाली की वाचतील.)

मुलांच्या मागे बसणाऱ्यांत एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे मत निराळे. त्यांना बापाच्या कर्तबगारीचे कौतुक नव्हते. त्यांचे सगळे लक्ष कॅरोलिनवर. ओंडका पायावर पडून घोटा मुरगळला तरी दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागणारी ही बाई. निघायचे की राहायचे हे तिला कोणी विचारले का, असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत. चिनी मातीची एक छोटी बाहुली कॅरोलिन प्रत्येक घरात फळीवर मांडते. ती बाहुली मांडली की तिच्या लेखी घर झाले. त्या आजींना या एका बाहुलीत सगळी कादंबरी दिसली. समीक्षकांनी याहून फार वेगळे काही म्हटल्याचे मला आढळलेले नाही.

आणि आमच्या इमारतीतले तात्या. सरकारी नोकरीत आयुष्यभर तलाठी. नात पुस्तक टेबलावर विसरून गेली म्हणून त्यांनी ते दोन दुपारी वाचून काढले आणि तिसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठले. त्यांचा प्रश्न एकच : या घराखालच्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर होता?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या जमिनीच्या बाबतीत तोच खरा प्रश्न आहे, आणि सुदैवाने त्याचे उत्तर कागदोपत्री मिळते. इंगल्स कुटुंबाने घर बांधले ते इंडिपेन्डन्स या गावापासून सुमारे १३ मैलांवर, कॅन्ससच्या मॉन्टगोमेरी परगण्यात. ही जमीन कायद्याने ओसेज जमातीची होती. तिथे गोऱ्यांच्या वसाहतीला परवानगी नव्हती. १८७० च्या जनगणनेत या कुटुंबाची नोंद त्याच भागात सापडते, आणि कॅरीचा जन्मही ऑगस्ट १८७० मध्ये तिथेच झाला. म्हणजे तात्यांच्या भाषेत सांगायचे तर हे सरळ सरळ अतिक्रमण. असे अतिक्रमण करणारी एकटी इंगल्स मंडळी नव्हती. हजारो कुटुंबे त्या पट्ट्यात घुसली होती. सरकार एक दिवस ओसेजांना हलवील आणि मग आधी येऊन बसलेल्यांच्या वहिवाटीला मान्यता मिळेल, हा सगळ्यांचा हिशेब. तसेच झाले. जुलै १८७० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, त्याच वर्षी सप्टेंबरात ओसेजांनी नाइलाजाने संमती दिली, आणि एकरी सव्वा डॉलर दराने ती जमीन वसाहतकऱ्यांना मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

कादंबरीत मात्र शेवट उलटा आहे. सैनिक येऊन आपल्याला हुसकावून लावतील, असे कळताच बाप संतापतो आणि अपमान होण्याआधी आपणच निघू, असे म्हणून कुटुंबाला घेऊन बाहेर पडतो. वाचणाऱ्या मुलाच्या मनात राग येतो तो सरकारचा. प्रत्यक्षात १८७१ साली इंगल्स कुटुंब परतले याचे एक साधे कारण असे, की विस्कॉन्सिनचे घर ज्याला विकले होते त्याने हप्ते भरणे थांबवले होते आणि ते घर परत ताब्यात घ्यायचे होते. आणखी थोडा काळ थांबले असते तर कॅन्ससची जमीन कदाचित त्यांच्या नावावर झालीही असती.

लॉराबाईंनी हे जाणूनबुजून फिरवले का? मला तसे वाटत नाही. कॅन्सस सोडले तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. आठवणी त्यांच्या नव्हत्याच; आईवडील आणि मोठी बहीण यांच्या तोंडून ऐकलेल्या होत्या. १९३३ च्या सुमारास त्या आणि त्यांची मुलगी ती जागा शोधायला मोटारीने निघाल्या, तेव्हा त्या चुकीच्या दिशेला थेट ओक्लाहोमात गेल्या, कारण वडिलांनी गावापासूनचे अंतर ४० मैल सांगितल्याचे त्यांच्या डोक्यात होते. ते ४० मैल कादंबरीतही राहिले. गोष्टीत एक भला ओसेज प्रमुख येतो, जो आपल्या लोकांना गोऱ्यांची कत्तल करण्यापासून परावृत्त करतो. त्या नावाचा प्रमुख त्या काळच्या ओसेजांत अभ्यासकांना सापडत नाही. घरी सांगितल्या गेलेल्या गोष्टी अशाच असतात. बाप चुकीच्या जमिनीवर जाऊन बसला होता, हे कुठल्या घरात मुलींना सांगतात?

याच पुस्तकात एक खरा माणूस मात्र खऱ्या नावाने येतो, आणि त्याच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. सगळे कुटुंब तापाने फणफणून पडलेले असताना एक काळा डॉक्टर येऊन औषध पाजतो. हे डॉक्टर जॉर्ज टॅन. त्यांची नोंद त्या परगण्यात आहे आणि थडगे इंडिपेन्डन्सला आहे. ताप होता हिवतापच. शेजारणीच्या मते तो कलिंगडे खाल्ल्यामुळे आला. डासांचा गुन्हा सिद्ध व्हायला अजून २७ वर्षे होती, आणि तो सिद्ध व्हायचा होता आपल्याकडे, सिकंदराबादला, रोनाल्ड रॉस यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली.

विस्कॉन्सिनला परतून तीन वर्षे होत नाहीत तोच चार्ल्सला पुन्हा वारा लागला. १८७४ साली मिनेसोटातल्या वॉलनट ग्रोव्हला प्लम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी दरडीत खोदलेले घर त्याने घेतले. छप्पर गवताच्या ढेकळांचे. कादंबरीत त्यावरून चालणाऱ्या बैलाचा पाय थेट खाली घरात येतो. माझी भाची मिनेसोटात असते. तिच्याकडे गेलो असता मी ते ठिकाण पाहून आलो. आता तिथे घर नाही. काठावर एक खोलगट भाग उरला आहे आणि समोर ओढा, आपल्याकडच्या एखाद्या नाल्याएवढा. पुस्तक वाचताना तो केवढा तरी मोठा वाटतो.

इथे दुसऱ्याच वर्षी टोळधाड आली. सूर्य झाकून टाकणारा तो ढग, गव्हाचे उभे पीक कुरतडल्याचा आवाज, जमिनीत घातलेली अंडी आणि पुढच्या वर्षी त्यांतून निघून पश्चिमेकडे चालू लागलेली पिल्ले, हे सगळे लॉराबाईंनी असे लिहिले आहे की दुष्काळी मुलखातल्या आपल्या शेतकऱ्यालाही ते परके वाटू नये. रॉकी पर्वतातली ही टोळ-जात पुढे काही दशकांत पृथ्वीवरून नाहीशी झाली. १९०२ नंतर जिवंत टोळ मिळाल्याची नोंद नाही. बाप शेकडो मैल पायी पूर्वेला जाऊन मजुरी करतो, हे कादंबरीत आहे. सरकारी मदतीचे पीठ मिळावे म्हणून आपण निष्कांचन आहोत असे त्याला सही करून द्यावे लागले, हे कादंबरीत नाही.

पुढची दोन वर्षे तर मालिकेतून पूर्णच गळली आहेत. १ नोव्हेंबर १८७५ रोजी इंगल्स दांपत्याला एक मुलगा झाला, चार्ल्स फ्रेडरिक. ऑगस्ट १८७६ मध्ये, नऊ महिन्यांचा असताना, तो वाटेतच गेला. कुटुंब तेव्हा आयोवातल्या बर ओक या गावी निघाले होते. तिथे त्यांनी एका हॉटेलात काम केले. नऊ-दहा वर्षांची लॉरा भांडी घासत होती, गिऱ्हाइकांना वाढत होती. कर्ज फिटेना, तेव्हा एका रात्री अंधारात गाडी जुंपून ते गावातून निघून गेले. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त सावकाराचा माणूस दारात येतो तेव्हा सारे घर कसे लाजेने चूर होते, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. गुरुजींनी ते पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले. लॉराबाईंचे दुसरे पुस्तक नेमके त्याच वर्षीचे. गुरुजींनी कर्ज लपवले नाही, धाकट्या भावाचा मृत्यू लपवला नाही, आईचे मरण तर नाहीच नाही. लॉराबाईंनी मुलांसाठी लिहिताना हे सगळे गाळले. माझे माप या बाबतीत गुरुजींच्या बाजूला झुकते, हे मी लपवून ठेवत नाही.

अर्थात त्यांनी सगळेच गाळले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८७९ साली मेरीला दीर्घ आजारात अंधत्व आले. कादंबरीत कारण लोहितज्वराचे दिले आहे. २०१३ साली डॉक्टरांच्या एका अभ्यासाने जुन्या नोंदी तपासून मेंदूच्या विषाणुजन्य दाहाचा निष्कर्ष काढला. ही गोष्ट मुलांच्या पुस्तकात नको, असे लॉराबाईंच्या मुलीचे मत होते. लॉराबाई हटल्या नाहीत. मेरी आंधळी झाली, तेव्हापासून लॉराने तिचे डोळे व्हायचे, जे दिसेल ते बोलून दाखवायचे, असे वडिलांनी सांगितले. लॉराबाईंच्या गद्यातली ती नेमकी, चित्रासारखी वाक्ये कुठून आली याचे याहून चांगले स्पष्टीकरण मला माहीत नाही.

त्याच वर्षी कुटुंब डकोटा प्रदेशात गेले आणि डी स्मेट या नव्या गावात स्थिरावले. १८८० च्या ऑक्टोबरात पहिले हिमवादळ आले आणि पुढचे सात महिने वादळांमागून वादळे येत राहिली. रेल्वे बंद पडली, ती १८८१ च्या मे महिन्यात सुरू झाली. कोळसा संपला, तेव्हा वाळलेल्या गवताच्या पेंढ्या पिळून जाळल्या. पीठ संपले, तेव्हा कॉफीच्या छोट्या चक्कीत गहू भरडला. 'द लाँग विंटर' (१९४०) हे या हिवाळ्याचे पुस्तक मालिकेतले सर्वोत्तम, असे माझे मत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकी प्रशासनाच्या पुढाकाराने १९४९ साली याच पुस्तकाचा अनुवाद निघाला. उपाशी, थंडीने काकडलेल्या वाचकांना, कालपर्यंत शत्रू असलेल्या देशातले हे भुकेले घर जवळचे वाटले. गंमत अशी की त्या हिवाळ्यात इंगल्सांच्या घरात एक तरुण जोडपे आणि त्यांचे तान्हे बाळही राहत होते. जोडपे आळशी आणि कुरबुरे, म्हणून लॉराबाईंनी त्यांना कादंबरीतून काढूनच टाकले.

ज्या तरुणाने जिवावर उदार होऊन वादळातून गावासाठी गहू आणला, त्या अलमान्झो वाइल्डरशी २५ ऑगस्ट १८८५ रोजी लॉराचे लग्न झाले. तो तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मालिका इथे गोड होऊन थांबते. आयुष्य थांबले नाही. गारपीट, अवर्षण, कर्ज. १८८८ साली दोघांना घटसर्प आणि त्यातून अलमान्झोच्या पायांत कायमचा अधूपणा. १८८९ च्या ऑगस्टमध्ये नाव ठेवण्याआधीच गेलेला मुलगा, आणि त्याच महिन्यात जळून गेलेले घर. १८९४ साली नवरा-बायको आणि सात वर्षांची रोझ मिसुरीकडे निघाली, तेव्हा सगळी पुंजी म्हणजे लिहिण्याच्या पेटीत दडवलेली शंभर डॉलरची एक नोट. ती तिथे पोचल्यावर हरवली आणि काही दिवसांनी पेटीच्याच फटीत सापडली. त्यातून घेतलेल्या खडकाळ ४० एकरांचे पुढे रॉकी रिज फार्म झाले. लॉराबाईंनी तिथे कोंबड्या पाळल्या, लोणी विकले आणि १९११ पासून एका शेतकी पत्रात लेख लिहिले.

पुस्तके आली ती मंदीच्या पोटातून. १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत त्यांची आणि रोझची शिल्लक बुडाली. आई १९२४ साली गेली होती, मेरी १९२८ साली. त्या जुन्या दिवसांविषयी विचारायला आता कोणी उरत नव्हते. १९३० साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी स्वस्त वह्यांत पेन्सिलीने सगळे आयुष्य सलग लिहून काढले. ते हस्तलिखित कोणी छापेना. मग त्यातला जंगलातला भाग मुलांसाठी वेगळा काढला. हार्परच्या व्हर्जिनिया कर्कस आगगाडीत तो वाचत बसल्या आणि त्यांचे उतरायचे स्टेशन निघून गेले. १९३२ साली पहिले पुस्तक आले, १९४३ साली आठवे. मूळ आत्मकथन मात्र छापले गेले २०१४ साली, आणि दक्षिण डकोटाच्या एका छोट्या प्रकाशनाने काढलेली १५ हजारांची पहिली आवृत्ती पाहता पाहता संपली.

रोझ वाइल्डर लेन त्या काळची नावाजलेली पत्रकार आणि कथालेखिका. आईची हस्तलिखिते तिने टंकली, कापली, जोडली. किती? १९९३ साली एका चरित्रकाराने खरी लेखिका रोझच असे म्हणण्यापर्यंत मजल मारली. मायलेकींची पत्रे आणि वह्या आता छापून आल्या आहेत. त्या वाचून मला असे वाटते की सूर आईचा आहे आणि बांधणी बरीचशी लेकीची. पण रोझने आणखी एक गोष्ट आणली. तिला रूझवेल्टच्या सरकारी योजनांचा तिटकारा होता; माणसाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, सरकारने मध्ये पडू नये, हे तिचे तत्त्वज्ञान. लॉराबाईंचेही मत फारसे वेगळे नव्हते. म्हणून मेरी अंधशाळेत जाते तेव्हा कादंबरीत लॉराची मजुरी दिसते, शिक्षणशुल्क डकोटा प्रदेशाने भरले हे दिसत नाही. मदतीचे पीठ दिसत नाही. आणि ज्या सैन्याने ओसेजांना आणि डकोटांना हटवून जमीन मोकळी केली, ते सरकारच होते, हे तर दिसतच नाही. कॅरोलिन फ्रेझर यांनी 'प्रेअरी फायर्स' या २०१७ च्या चरित्रात हे सगळे कागदपत्रांनिशी मांडले आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आता त्या वाचकांकडे वळू, ज्यांचे मत फार उशिरा विचारले गेले. कॅन्ससमध्ये ओसेज पुरुष इंगल्सांच्या घरात शिरतात, मक्याची भाकरी खातात, तंबाखू घेऊन जातात. मुलांना तो प्रसंग चोरीचा, भीतीचा वाटतो. ओसेज बाजूने पाहणारे म्हणतात की आपल्या जमिनीवर, आपली झाडे तोडून घर बांधणाऱ्याकडून घेतलेले ते भाडे होते. त्या वर्षी वसाहतकऱ्यांनी ओसेजांची शेते बळकावली, थडगीदेखील उकरली, असे सरकारच्याच एजंटाने नोंदवून ठेवले आहे. कादंबरीतली शेजारीण मेलेला इंडियन तेवढा चांगला अशा आशयाचे बोलते. बापाला ते पटत नाही, हेही लॉराबाई लिहितात. पण शेजारीण ज्याचा दाखला देते त्या मिनेसोटातल्या १८६२ च्या युद्धाचा शेवट कादंबरीत नाही. त्या वर्षी २६ डिसेंबरला मॅनकाटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिले गेले. १९९८ साली मिनेसोटातल्याच एका शाळेत हे पुस्तक वर्गात मोठ्याने वाचले जात असताना डकोटा समाजातली एक लहान मुलगी रडत घरी आली. तिच्या अभ्यासक आईने पुस्तक अभ्यासक्रमातून काढण्याची मागणी केली. त्या मुलीच्या बाकावर बसून ते वाक्य कानांवर पडताना काय वाटेल, याला साहित्यिक गुणांचे उत्तर देता येत नाही.

कादंबरीच्या शेवटाकडे ओसेजांची लांबच लांब रांग घरासमोरून निघून जाते. लॉरा उंबरठ्यावरून पाहते. एका बाईच्या घोड्यावरच्या पाटीतल्या बाळाशी तिची नजरानजर होते आणि ते काळ्याभोर डोळ्यांचे बाळ आपल्याला हवे, म्हणून ती हट्ट धरून रडते. काहींच्या मते हा अमेरिकी बालसाहित्यातला सर्वांत सुंदर प्रसंग, काहींच्या मते सर्वांत भयंकर. जमीन घेतली, आता मूलही हवे. मला दोन्ही वाचने खरी वाटतात. आपण का रडतो हे त्या मुलीला सांगता येत नाही, आणि तिच्या आईलाही ते ऐकवत नाही. काहीतरी मोठे चुकते आहे हे लेखिकेच्या हाताला कळलेले असावे, डोक्याला कळो न कळो. हा प्रसंग आहे म्हणून मी हे पुस्तक मुलांच्या हातून काढून घेणार नाही. तात्यांनाही पुस्तक फेकायचे नव्हते. त्यांना फक्त फेरफार कुठल्या तारखेला झाला ते हवे होते.

ओसेजांचे पुढे काय झाले, हे त्यांना मी सांगितले. मिळालेल्या पैशातून त्यांनी दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, चेरोकींकडून जमीन विकत घेतली. विकत घेतलेली असल्यामुळे तिच्यावरचा त्यांचा हक्क पक्का होता. तिथे तेल निघाले आणि १९२० च्या दशकात त्या तेलाच्या वारसाहक्कासाठी ओसेजांचे पद्धतशीर खून पडले. डेव्हिड ग्रॅन यांच्या पुस्तकावरचा २०२३ चा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. हे खून गाजत होते तेव्हा शेजारच्या राज्यात लॉराबाई कोंबड्यांवर लेख लिहीत होत्या.

अलमान्झो १९४९ साली ९२ व्या वर्षी गेले. लॉराबाई १० फेब्रुवारी १९५७ रोजी, नव्वदावा वाढदिवस होऊन तीन दिवसांनी वारल्या. शेवटपर्यंत मुलांच्या पत्रांचा पाऊस होता, आणि हात चालत होता तोवर त्या उत्तरे देत. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने १९५४ साली त्यांच्या नावाचे पदक सुरू करून पहिले त्यांनाच दिले होते. जून २०१८ मध्ये त्याच संघटनेच्या बालविभागाने पदकाचे नाव बदलले. पुस्तके वाचू नका असे आमचे म्हणणे नाही, हे त्यांनी स्पष्ट केले होते. तरी दोन्ही बाजूंनी भरपूर धुरळा उडाला. पदकाला कुणाचे नाव द्यायचे, हे ज्याचे पदक त्याने ठरवावे. मला त्यात अपमान दिसत नाही.

आमच्या शनिवारी सध्या लुईस अर्ड्रिक यांचे 'द बर्चबार्क हाऊस' चालू आहे. १९९९ चे हे पुस्तक. सुपीरियर सरोवरातल्या एका बेटावरच्या ओमाकायास या ओजिब्वे मुलीचे १८४७ मधले एक वर्ष त्यात आहे. घर बांधणे, साखर करणे, शिकार, थोरल्या सुंदर बहिणीचा हेवा, सारे काही लॉराच्या घरासारखेच. फक्त गोरे लोक दूरवरून जवळ येत आहेत. गेल्या शनिवारी देवीच्या साथीचे प्रकरण वाचून झाले. ओमाकायासचा तान्हा भाऊ त्यात जातो. मुले गप्प झाली. मग एकीने विचारले, लॉराला भाऊ नव्हता का? मी त्यांना फ्रेडीबद्दल सांगितले.